आवक-जावक आणि मधली फळी

फुटबॉल मी जन्मात खेळलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो. पुढे ते मला इतक्या लोकांनी ऐकवलं की निदान पहिल्यांदा सांगण्याचा मान तरी माझ्याकडे राहावा.

मी नगरपालिकेत आवक-जावक विभागात आहे. कचेरीत येणारा प्रत्येक कागद आधी माझ्या टेबलावर येतो. मी त्याला क्रमांक देतो, शिक्का मारतो आणि ज्या विभागाचा असेल त्या विभागाकडे धाडून देतो. चोवीस वर्षांत एकही कागद माझ्या टेबलावर मुक्कामाला राहिलेला नाही. मला या गोष्टीचा अभिमान आहे आणि घरच्यांना कंटाळा आहे.

तर त्या रविवारी आमच्या वसाहतीतल्या मुलींची मॅच होती, पाण्याच्या टाकीपलीकडच्या वसाहतीशी. माझी लेक चौदा वर्षांची आहे आणि मधल्या फळीत अगदी मधोमध खेळते. शेवटची पाच मिनिटं उरली होती, दोन्हीकडे शून्य गोल, आणि चेंडू तिच्याकडे आला. तिने त्यावर पाय ठेवला. आणि ती उभीच राहिली. त्यांची एकजण बाजूने धावत आली, दुसरी पाठीमागून आली, आमच्या सगळ्या मुली ओरडत होत्या आणि ही आपली चेंडूवर पाय ठेवून खिळल्यासारखी उभी. मी सेकंद मोजले. चार. मग त्यांनी तिच्या पायाखालून चेंडू काढून नेला आणि गोल केला.

"अहो, चार सेकंद म्हणजे काय थोडे झाले?" मी शेजारी उभ्या असलेल्या दंतवैद्य बाईंना म्हणालो. त्या आमच्या समोरच्याच घरात राहतात आणि त्यांची मुलगी याच संघात मागे, मधोमध खेळते. उंचीमुळे तिला सगळे खांब म्हणतात. "चार सेकंदांत माझ्याकडे दोन कागद मार्गी लागतात. आलेली वस्तू अशी धरून बसायची असते का?"

आवाज जरा खाली ठेवायला हवा होता, हे मागे वळल्यावर कळलं. मागे अख्खा संघ उभा होता. लेक सर्वांत पुढे.

"मग भावोजी, तुम्हीच का नाही शिकवत?" दंतवैद्य बाई म्हणाल्या. रुग्णाला 'आता थोडं दुखेल हं' म्हणतात ना, तोच आवाज. "नाहीतरी शिकवणाऱ्या बाईंची बदली झालीय. तीन आठवड्यांनी परतीची मॅच आहे."

चारचौघांत मला कोणी डिवचलं की माझं डोकं काम करायचं थांबतं आणि जीभ सुरू होते. "शिकवतो की!" मी म्हणालो. "त्यात काय एवढं!"

घरी आल्यावर लेकीने बूट काढले, एका पिशवीत घातले, पिशवीला गाठ मारली आणि स्टुलावर चढून ती कपाटावर टाकली. "सरावाला जुने कॅनव्हासचे बूट घालीन," ती म्हणाली. "हे फक्त मॅचला. आणि पुन्हा तसं झालं ना बाबा, तर मी खेळणं सोडणार. कायमचं." ती रडली असती तर बरं झालं असतं, मी समजूत काढली असती. पण ती अगदी शांतपणे बोलली आणि अभ्यासाला बसली. सातव्या वर्षापासून ही मुलगी घरातल्या प्रत्येक गोल वस्तूला लाथ मारत आलेली आहे, आणि आता ती गाठ मारून मोकळी झाली होती.

मी ग्रंथालयातून दोन पुस्तकं आणली आणि वाचता वाचता माझा जीव भांड्यात पडला. कडेने खेळणाऱ्याच्या एका बाजूला रेघ असते, म्हणजे संकट एकाच बाजूने येणार. मधे खेळणाऱ्याला चारी बाजूंनी. आता हे तर माझंच टेबल झालं! समोर खिडकीत जनता, पाठीमागे साहेबांची केबिन, उजवीकडे वाजणारा फोन, डावीकडे गठ्ठा घेऊन उभा असलेला शिपाई. चोवीस वर्षं मी मधोमधच खेळत होतो, फक्त अर्धी चड्डी घातली नव्हती.

पहिला सराव आमच्या दिवाणखान्यात झाला. माझी फिरती खुर्ची मधे ठेवली, तीवर लेकीला बसवलं आणि चारी कोपऱ्यांतून तिच्याकडे जुन्या फायली फेकल्या. पडणारी फाईल झेलायची, वरचं नाव वाचायचं आणि क्षणात योग्य कोपऱ्याकडे भिरकावायची. पाणीपुरवठा खिडकीकडे, उद्यान दाराकडे, बांधकाम स्वयंपाकघराकडे. बांधकामाची तिसरी फाईल स्वयंपाकघरात गेली तेव्हा आतून काचेचा आवाज आला आणि त्यापाठोपाठ बायको आली.

"अहो, तिला काही पाठीला डोळे आहेत का?" ती म्हणाली. "मागून कोण येतंय हे जिला दिसतं तिने ओरडून सांगावं ना. कुणी येत असलं तर 'अंगावर!' म्हणावं, नसलं तर 'वेळ आहे!' म्हणावं. झालं. आणि बरणीचे तुकडे तुम्ही उचला."

त्या तीन आठवड्यांत मला मिळालेला हा एकमेव शहाणपणाचा सल्ला. दुसऱ्या दिवशी मैदानावर तो मी माझा म्हणून सांगितला.

बाकी सल्ल्यांना तोटा नव्हता. वरच्या मजल्यावरचे निवृत्त मोजणीदार फीत घेऊन मैदानावर आले आणि मुलींना ज्या चौकोनात सराव करायचा तो काटकोनात नाही हे सिद्ध करण्यात त्यांनी पाऊण तास घालवला. मग ते स्वतःच चौकोनात शिरले आणि चेंडूवाल्या मुलीच्या अंगावर फीत घेऊन धावू लागले. "राव, दबाव कसा खरा पाहिजे!" ते ओरडत होते. फीत त्यांच्याच पायात अडकली आणि मुलींनी त्यांना उचलून बाकावर ठेवलं. दंतवैद्य बाईंचं म्हणणं, भीती वाटली की जबडा सैल सोडायचा. त्यामुळे पहिला आठवडाभर आमचा संघ आ वासून खेळत होता.

माझी स्वतःची शिकवण मात्र एका वाक्याची होती. आलं की धाडा. मी घड्याळ घेऊन उभा राहायचो आणि मधल्या तिघींकडून ते घोटवून घ्यायचो. मागची खांब, मधली माझी लेक आणि पुढची टाचणी, जी दिसायला एवढीशी पण टोचायला पक्की. चेंडू पायाशी एका सेकंदापेक्षा जास्त राहिला की शिट्टी. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी एकही शिट्टी वाजेना. चेंडू नुसता भिरभिरत होता. मला कृतार्थ वाटत होतं.

एकदा परत येताना लेकीने विचारलं, "बाबा, समोर मोकळं असलं तर?"

"तरी द्यायचा."

"पण कुणीच नसेल अंगावर, तर?"

"मोकळं वाटतं गं. नसतं. आपल्याकडे राहिला की जबाबदारी आपली. समजलं?"

ती वाटेतला खडा लाथाडत पुढे निघाली. मला वाटलं, समजलं.

दरम्यान मैदानाची परवानगी काढायची होती. मैदान नगरपालिकेचं, आणि मुख्य रखवालदाराने बजावलं होतं की या खेपेला लेखी कागदाशिवाय मॅच होणार नाही. मी अर्ज लिहिला, कचेरीत नेला आणि आवक खिडकीत दिला. म्हणजे खिडकीबाहेरून दिला आणि आत येऊन घेतला, कारण नियम तो नियम. त्याला क्रमांक दिला एकेचाळीसशे सतरा आणि मिनिटाच्या आत मैदान विभागाकडे धाडला.

मैदान विभागाने कळवलं की मैदान आमचं असलं तरी गवत उद्यान विभागाचं आहे. मी तो उद्यानाकडे धाडला. उद्यानाने कळवलं की गवताला हरकत नाही, पण तिथे पाण्याचा नळ आहे. मी पाणीपुरवठ्याकडे धाडला. पाणीपुरवठ्याने तो अभिप्रायासाठी पुन्हा मैदान विभागाकडे पाठवायला माझ्याकडेच दिला. दर वेळी मी तो तत्परतेने पुढे धाडत होतो. माझाच अर्ज माझ्या टेबलावरून सात वेळा गेला, आणि खोटं कशाला सांगू, सातही वेळा मला माझ्या वेगाचं कौतुक वाटलं. कोणी नाही म्हणालं नाही. कोणी हो म्हणालं नाही.

मॅचच्या आदल्या दिवशी दुपारी तो आठव्यांदा आला. त्यावर शेरा होता, 'सर्व विभागांची हरकत नाही. सक्षम अधिकाऱ्याच्या सहीसाठी सादर.' मी धावत साहेबांच्या केबिनकडे गेलो. साहेब दौऱ्यावर होते. फोन बंद. नियमांच्या पुस्तकात एक कलम आहे, मला ते पाठ आहे. अधिकारी गैरहजर असतील तर तातडीच्या बाबीवर हजर असलेल्यांपैकी सर्वांत ज्येष्ठ लिपिकाने सही करावी. मी आजूबाजूला पाहिलं. सर्वांत ज्येष्ठ लिपिक मीच होतो.

चोवीस वर्षांत मी लाखभर शिक्के मारले असतील. सही एकदाही केलेली नाही. सही करणं हे दुसऱ्या कुणाचं तरी काम, अशीच माझ्या आयुष्याची बांधणी. मी कागद घडी करून पिशवीत टाकला. म्हटलं, साहेबांचा फोन लागेल. संध्याकाळपर्यंत सतरा वेळा लावला, नाही लागला.

रविवारी सकाळी लेकीने कपाटावरची पिशवी काढली आणि गाठ सोडायला घेतली. ती पक्की बसली होती. तिने दातांनी सोडवली. "आज ठरणार," एवढंच ती आईला म्हणाली.

फाटकाशी रखवालदार उभा होता. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, चेहऱ्यावर कसलाही भाव नाही. "कागद?"

"येतोय," मी म्हणालो. पिशवीतला कागद मला खांद्यावर दगडासारखा जाणवत होता.

"बघा हं. तुमच्या शब्दावर सोडतोय."

शिट्टी झाली आणि पहिली दहा मिनिटं आमच्या मुलींनी बघणाऱ्यांची वाचा बसवली. चेंडू कुणाजवळ टिकतच नव्हता. खांबाकडून लेकीकडे, लेकीकडून कडेला, कडेकडून टाचणीकडे, टाचणीकडून परत लेकीकडे. मोजणीदार माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "राव, मानलं!" मी मान तिरकी करून नम्र दिसण्याचा प्रयत्न केला.

मग माझ्या लक्षात आलं की चेंडू पुढे जात नाहीये. टाचणीच्या समोर फक्त गोलकीपर होती, तरी तिने तो मागे दिला. लेकीसमोर अर्धं मैदान रिकामं होतं. बायको रेघेजवळून ओरडली, "वेळ आहे!" पण लेकीने बघितलंसुद्धा नाही, मागे दिला. खांबाने कडेला दिला, कडेच्या मुलीने पुन्हा मधे. अकराजणी अत्यंत तत्परतेने एकमेकींकडे चेंडू धाडत होत्या आणि त्याचं काय करायचं हे एकजणही ठरवत नव्हती. हे मी कुठे पाहिलंय, असा विचार मनात आला आणि लगेच आठवलं. माझा अर्ज चालला होता मैदानावरून. क्रमांक एकेचाळीसशे सतरा.

टाकीपलीकडच्यांनाही ते कळलं. त्या पाठलाग करायच्या थांबल्या आणि वाट बघू लागल्या. मध्यंतराला दोन मिनिटं होती. लेकीकडे चेंडू आला, आसपास चिटपाखरू नाही, तिने न बघता खांबाला दिला. खांबाने न बघता गोलकीपरला दिला. गोलकीपर वाकून हातमोज्याचा बंद बांधत होती. चेंडू तिच्या बाजूने सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखा, आमच्याच जाळ्यात गेला.

टाकीपलीकडची माणसं आधी हसली आणि मग टाळ्या वाजवू लागली. मोजणीदारांनी माझ्या पाठीवरचा हात काढून घेतला.

मध्यंतरात लेक सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. ओठ घट्ट मिटलेले. "बाबा, मी थांबले नाही," ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं तसंच केलं. एकदासुद्धा जवळ ठेवला नाही. तरी झालंच ना? मग ठेवायचा कधी? ते सांगा."

सगळा संघ माझ्याकडे बघत होता. चौदा वर्षांत तिने मला विचारलेला हा पहिला प्रश्न, जो मी तिच्या आईकडे पाठवू शकलो नाही. मला माझीच लाज वाटली. खेळ शिकवायच्या नावाखाली मी त्या मुलींना माझी भीती शिकवून ठेवली होती.

नेमका तेव्हाच रखवालदार मैदान ओलांडून आला. किल्ल्या वाजत होत्या. "अर्धी मॅच विश्वासावर झाली," तो म्हणाला. "आता कागद दाखवा. नाहीतर मैदान रिकामं करा. दोन मिनिटं देतो."

"अहो, आता मधेच कसं..." दंतवैद्य बाईंनी सुरुवात केली.

"नोकरी माझी जाईल, बाई. तुमची नाही."

बरोबरच होतं त्याचं. मी पिशवीतून कागद काढला. आठ शेरे, आठ शिक्के आणि खाली एक रिकामी जागा. मी उजवीकडे पाहिलं. मोजणीदार आभाळ मोजत होते. डावीकडे पाहिलं. दंतवैद्य बाई खांबाच्या बुटाची नाडी बांधायला बसल्या होत्या. मागे पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. समोर लेक होती, हात कमरेवर ठेवून, श्वास अजून फुललेला.

"पेन आहे का कुणाकडे?" मी विचारलं. बायकोने पर्समधून काढून दिलं. कागद कशावर ठेवायचा ते कळेना. लेक वळली, वाकली आणि तिने पाठ पुढे केली. घामेजलेला, मातीने माखलेला शर्ट. मी कागद तिच्या पाठीवर ठेवला.

"बाबा," ती खाली मान घालूनच म्हणाली, "पेन अजून टेकलं नाही."

"हो. भीती वाटतेय."

"काय होईल सही केली तर?"

"माहीत नाही. कधी केलेली नाही."

"मग का करताय?"

"तिन्हीकडे बघितलं गं," मी म्हणालो. "द्यायला कुणी नाहीये. म्हणजे हा माझाच आहे."

आणि मी सही केली. वेडीवाकडी झाली. खाली तारीख घातली, हुद्दा लिहिला, सवयीने शिक्क्यासाठी खिसा चाचपला. रखवालदाराने कागद दोनदा वाचला, घडी करून टोपीत ठेवला आणि म्हणाला, "खेळा."

लेक ताठ झाली. तिने माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे आधी बघायचं," ती म्हणाली. "आणि मग वाटलं आपला आहे, तर ठेवायचा. भीती वाटली तरी."

"मला वाटतं तसंच असावं," मी म्हणालो. मला खरोखरच यापेक्षा जास्त माहिती नव्हती.

दुसऱ्या अर्ध्यात मी घड्याळ खिशात टाकलं. उभं राहवेना, बसवेना. लेकीने पहिल्यांदा चेंडू जवळ ठेवला आणि वळायला गेली, तेव्हा तो हिसकावला गेला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती धावत जाऊन त्या मुलीला आडवी आली होती आणि चेंडू बाहेर गेला होता. दुसऱ्यांदा तिने बघितलं आणि मुकाट्याने खांबाला दिला. तेही बरोबर होतं. मिनिटं संपत चालली होती.

सहा मिनिटं उरली असताना चेंडू पुन्हा तिच्याकडे आला, मधोमध, जवळजवळ त्याच जागी. तिने पाय वर ठेवला. आणि ती थांबली. एक. समोरून एक मुलगी निघाली. दोन. बायकोने माझा दंड असा पकडला की त्याचा वळ पुढे आठवडाभर होता. पण लेकीची मान हलत होती. डावीकडे, उजवीकडे, खांद्यावरून मागे. "वेळ आहे!" खांब मागून गरजली. "वळ!"

तीन म्हणायच्या आत ती वळली. धावत आलेली मुलगी रिकाम्या जागेवर आदळली. लेक त्या मोकळ्या मैदानातून चेंडू घेऊन निघाली, मला वाटलं आता देईल, दिला नाही, अजून पुढे गेली, दोघी तिच्यावर धावून आल्या आणि तेव्हा कुठे तिने तो मधून टाचणीकडे सोडला. टाचणीने मागे बघितलंच नाही. गोल झाला. मी कुणाला तरी मिठी मारली. तो रखवालदार होता.

मॅच बरोबरीत सुटली. जिंकलो नाही. पण घरी आल्यावर लेकीने बूट धुऊन खिडकीत वाळत टाकले आणि ती पिशवी आईला देऊन म्हणाली, "ही भाजीला घे."

सोमवारी सकाळी साहेब दौऱ्यावरून परतले होते, रखवालदाराने जमा केलेला कागद त्यांनी पाहिला होता, आणि माझ्या टेबलावर पहिलाच कागद आला तो त्यांच्याकडून. सदर कलमाचा या कचेरीत आजवर कोणीही वापर केलेला नसताना संबंधित ज्येष्ठ लिपिकाने सही का केली, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा. मी त्याला क्रमांक दिला, शिक्का मारला. शिपाई माझ्याइतकाच जुना. तो नेहमीप्रमाणे हात पुढे करून उभा होता.

"कुणाकडे नेऊ?"

"कुणाकडेच नाही," मी म्हणालो. "राहू दे इथेच."

त्याने हात मागे घेतला. मग त्याने माझ्यासाठी न सांगता पाण्याचा पेला आणून ठेवला.

संध्याकाळी मी तो कागद घरी नेला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसलो. बायकोने वाचला आणि तिचा चेहरा उतरला. लेक दारात बसून बुटाच्या नाड्या बांधत होती, सरावाला निघाली होती.

"काय झालं?" तिने विचारलं.

"साहेबांना उत्तर हवंय," मी म्हणालो. "स्वतःचं. सात दिवसांत."

तिने दुसऱ्या बुटाची गाठ घट्ट केली, उठली, चेंडू काखेत मारला आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "बाबा, वेळ आहे! वळा!"